कार्डाची मागची बाजू

बाईंच्या पर्समध्ये कंगवा नसतो, कात्र्या असतात. एक सरळ कापायची आणि एक छोटी, कोपरे गोल करायची. कार्डाचा कोपरा टोकदार राहिला तर पहिलीतल्या पोराच्या डोळ्याला लागेल, म्हणून त्या प्रत्येक कार्डाचे चारही कोपरे कापतात. एकतीस वर्षं त्या पहिलीचाच वर्ग शिकवताहेत. शाळेत त्यांना कात्रीबाई म्हणतात. त्यांना ते ठाऊक आहे आणि आवडतंही.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहते. साहित्यात एम. ए. झाले आणि घरी बसले. एकदा जिन्यात त्यांनी मला अडवलं.

"काय करतेस गं दिवसभर?"

"वाचते."

"मग खाली येऊन वाच. हात रिकामेच असतात ना वाचताना?"

अशी आमची मैत्री झाली. वयात पस्तीस वर्षांचं अंतर. त्या मला कादंबरी म्हणतात.

त्यांच्या पुढच्या खोलीत बसायला एकच खुर्ची मोकळी असते. बाकी सगळीकडे बुटांचे रिकामे खोके. प्रत्येक खोक्यावर आत काय आहे त्याचं चित्र चिकटवलेलं. टेबलावर प्रिंटर, शेजारी लॅमिनेशनचं यंत्र. खोलीला गरम प्लॅस्टिकचा वास.

"आमच्याकडे मीठ मागू नकोस," बाईंचे यजमान, म्हणजे काका, पहिल्याच दिवशी मला म्हणाले. "मीठ सापडायचं नाही. हत्ती माग. हत्ती, उंट, सहा प्रकारची फुलपाखरं. लगेच काढून देतो."

"आधी तो चिमटा खाली ठेवा," बाई म्हणाल्या. "सिंहाचा आहे तो. तुम्ही त्यानं बनियन वाळत घालाल."

मी तिथे बसून कापत असे. जोड्या लावायची कार्डं, ठिपके मोजायची कार्डं, तोंडं हसरी आणि रडकी. बाईंचा हात सराईत होता. गाईचं चित्र काढलं की त्या शेपूट आधी तपासायच्या. "पोरं आधी शेपूट बघतात," म्हणायच्या. वर्गात त्या कधी "कळलं का" असं विचारत नसत. कार्ड हातात द्यायच्या आणि हाताकडे बघायच्या. कळलं नसेल तर हात थांबतो, असं त्यांचं म्हणणं. मी इतकी पुस्तकं वाचली, पण माणसाच्या हाताकडे असं बघायला मला बाईंनी शिकवलं. हे मी आधीच सांगते. पुढचं वाचून कुणी त्यांच्याबद्दल वाईट मत करून घेऊ नये. घ्यायचंच तर माझ्याबद्दल घ्यावं.

त्यांचं सगळ्यात जुनं काम म्हणजे वाटेचा तक्ता. उभा, लांब. खाली घर, वर शाळा, मध्ये वळणं घेत गेलेली वाट. प्रत्येक मुलाचा एक चिमटा आणि चिमट्यावर एक चित्र. पहिलीच्या पोराला नाव वाचता येत नाही, चित्र येतं. सकाळी आल्यावर त्यानं आपला चिमटा घरातून काढून शाळेत लावायचा. घंटेनंतर आला, तर चिमटा दिवसभर घरीच. दुसऱ्या शाळांतल्या शिक्षिका या तक्त्याची फाइल मागून नेतात. वेळेची सवय लागते म्हणतात.

तेच चित्र मुलाच्या दप्तराच्या खुंटीवरही असतं. यंदा मी सुचवलं, खुंटीवरच्या चित्राखाली दोन ओळींची कविता टाकू. प्रत्येक मुलाला स्वतःची.

"वा कादंबरी!" बाई म्हणाल्या. "आता तू कामाची झालीस."

बत्तीस मुलांची यादी होती. मी बत्तीस कविता केल्या. यादीत आमच्या गल्लीतल्या प्लंबरची मुलगी होती.

या प्लंबरला सगळे गोगलगाय म्हणतात. गिऱ्हाइकं म्हणतात, हार्डवेअरवाला म्हणतो, मीही म्हणत असे. माणूस इतका वेळेचा पक्का की सांगितल्यापेक्षा पाच मिनिटं आधी दारात उभा. त्यामुळे नावाची गंमत आणखी वाढायची. काका त्याला बघून म्हणायचे, "गोगलगाय आली, घड्याळं लावून घ्या." तोही हसायचा. नाव कुठून आलं, हे कुणी विचारलं नव्हतं. नळ गळत असताना कोण विचारतं?

"मग हिचं चित्र ठरलंच," मी म्हटलं.

बाईंनी जुना खोका काढला. त्यात हाताने रंगवलेली एक सुरेख गोगलगाय होती, शिंगांच्या टोकांवर पिवळे ठिपके दिलेली. मी ती स्कॅन केली आणि खाली लिहिलं:

गोगलगाय निघाली शाळेला,
घंटा झाली, ही अजून वाटेला.

काका हसले. बाईंना हसून ठसका लागला. मला वाटलं, बत्तिसांत ही सगळ्यात जमली.

शाळेच्या पहिल्या दिवशी मी मदतीला वर्गात होते. प्लंबर पंधरा मिनिटं आधी आला. इस्त्रीचा शर्ट, पाण्याने बसवलेले केस. मुलीच्या दोन घट्ट वेण्या. मी तिला तिची खुंटी दाखवली. तिने गोगलगायीच्या शिंगांवर बोट फिरवलं.

"ही माझी?"

"तुझीच."

तिचा बाप खाली वाकून त्या दोन ओळी वाचत होता. ओठ हलत होते. वाचून झाल्यावरही तो वाकलेलाच राहिला. मी हसून वाट बघत होते. कविता लिहिणारा माणूस अशा वेळी वाट बघतोच.

मग तो उभा राहिला आणि त्याला भिंतीवरचा तक्ता दिसला.

"हा अजून आहे?" तो म्हणाला.

"अजून म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"मी तुमच्याच वर्गात होतो, बाई."

"हो? अरे, मग इतक्या वर्षांत बोलला नाहीस कधी!" बाई खूश झाल्या. जुना विद्यार्थी भेटला की त्या खूश होतात.

"सांगायचं काय त्यात?" तो म्हणाला. "माझा आधी घोडा होता. मग तुम्ही गोगलगाय दिलीत. नाव तिथनंच पडलं."

नळाचा वायसर झिजलाय हे जसं सांगावं, तसं त्याने सांगितलं. राग नव्हता. राग असता तर मला कुठेतरी बघता आलं असतं. घंटा झाली. त्याने मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, "जातो गं" म्हणाला आणि गेला.

बाई वर्गाकडे वळल्या. मोजणी सुरू झाली. मधल्या सुट्टीत तिसरीतल्या दोन मुली आत आल्या आणि खुंट्यांवरच्या कविता मोठ्याने वाचू लागल्या. पहिलीच्या पोरांना त्यातली एक लगेच पाठ झाली. टाळ्या वाजवत वर्ग म्हणू लागला. घंटा झाली, ही अजून वाटेला. प्लंबरची मुलगी सगळ्यात मोठ्याने म्हणत होती. तिला वाटत होतं, हे तिचं गाणं आहे.

मी दाराशी उभी होते. एम. ए.ला मला पहिला वर्ग आहे.

शाळा सुटल्यावर बाई तडक निघाल्या. घरी आल्या, चप्पल न काढता जुना खोका काढला आणि कार्डं उलटी करू लागल्या. पूर्वी लॅमिनेशन नव्हतं. मुलाचं नाव बाई कार्डाच्या मागे पेन्सिलने लिहीत. मी स्कॅन करताना फक्त समोरची बाजू बघितली होती.

घोड्याच्या मागे एक नाव होतं, त्यावर रेघ मारलेली, खाली दुसऱ्या मुलाचं नाव. गोगलगायीच्या मागे तेच रेघ मारलेलं नाव पुन्हा लिहिलेलं. अक्षर बाईंचं.

"साहेब आले होते तपासणीला," बाई म्हणाल्या. "हा उशिरा आला. रोजच यायचा. मी सगळ्यांसमोर घोडा काढून घेतला आणि गोगलगाय लावली. वर्ग हसला. साहेब हसले. मला शाबासकी मिळाली, गं. शिक्षा न करता शिस्त लावते म्हणून."

काका मान खाली घालून बसले होते.

"मला तो पोरगा आठवत नाही, कादंबरी. चिमटा आठवतो. रोज घरीच असायचा. पोरगा वर्गात बसलेला असायचा की माझ्यासमोर! तो काही केल्या आठवत नाही."

बोलायला माझ्याकडे दोन ओळी होत्या आणि त्या भिंतीवर चिकटवून झाल्या होत्या.

"उद्या मुलीचं चित्र बदलू," मी शेवटी म्हटलं.

"आणि त्याला काय सांगू?" बाई उठल्या. "चल."

त्याचं दुकान म्हणजे एक अरुंद गाळा. भिंतीला पाइप टेकवलेले, जमिनीवर नळांचे भाग पसरलेले. तो पाठमोरा बसून एक कॉक घासत होता. बायको स्टुलावर बसून मुलीची वेणी सोडत होती.

बाई दारात उभ्या राहिल्या. हजेरी घेताना घेतात तसं त्यांनी त्याचं पूर्ण नाव घेतलं, कार्डामागे लिहिलेलं.

त्याने वळून पाहिलं नाही.

त्यांनी पुन्हा हाक मारली. तो घासतच राहिला.

"अहो," बायको म्हणाली, "तुम्हाला बोलावताहेत."

तो वळला. आधी त्याने बाईंच्या मागे रस्त्यावर पाहिलं, आणखी कुणी आलंय का म्हणून. मग घाईने उठला.

"बाई? पुन्हा गळायला लागला का नळ?"

"नाही रे." बाई म्हणाल्या. "तू उशिरा का यायचास?"

"आता?"

"तेव्हा."

त्याने हात फडक्याला पुसले. "आईची रात्रपाळी असायची दवाखान्यात. ती सकाळी येईपर्यंत धाकटीला एकटी कशी सोडणार? आई आली की पळत सुटायचो."

"पळत?"

"हो, मग! तरी घंटा व्हायचीच."

"मी विचारलं का नाही तुला?"

याचं उत्तर त्याने द्यायचं नव्हतं. बायकोने स्टूल पुढे केलं. बाई बसल्या नाहीत.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. एवढंच. एकतीस वर्षांत त्या किती मुलांकडून हे वाक्य म्हणवून घेत आल्या असतील. त्यांना ते नीट म्हणता आलं नाही.

"जाऊ द्या हो, बाई," तो म्हणाला. पण "काही नाही त्यात" असं म्हणाला नाही.

"उद्या हिचं चित्र बदलते," बाई म्हणाल्या. "घोडा देते."

"मला नको घोडा!" मुलगी ओरडली. "माझी गोगलगाय आहे!"

बापाने तिच्याकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच माझ्याकडे.

"चित्र राहू द्या," तो म्हणाला. "तिला आवडलंय. त्या दोन ओळी तेवढ्या काढा, ताई."

मी मान हलवली. कुणी लिहिल्या, हे त्याला माहीत होतं की नाही, मला कळलं नाही. मी सांगितलंही नाही. बाईंनी आपली चूक दारात उभं राहून सांगितली. मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तक्ता उतरवला. कात्रीने वाट आणि खालचं घर कापून टाकलं. वरची शाळा तेवढी भिंतीला ठेवली. आता जो येतो तो आपला चिमटा तिथे लावतो, घंटेआधी असो वा नंतर. उशिरा आलेल्याला बाई बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारतात. बत्तीसच्या बत्तीस कविता मी सोलून काढल्या. खुंटीवरच्या गोगलगायीखाली गोंदाचा पट्टा राहिला आहे. तो निघत नाही. पोरं मात्र ते गाणं अजून म्हणतात.

फोनमध्ये त्याचा नंबर मी "गोगलगाय प्लंबर" असा ठेवला होता. त्या संध्याकाळीच तो बदलून त्याच्या खऱ्या नावाने ठेवला. मला बरं वाटलं. परवा माझ्या मोरीचा पाइप तुंबला. मी घाईत फोन उघडला आणि शोधू लागले. काही सापडेना. मग लक्षात आलं, मी गोगलगाय शोधत होते.

खरं नाव आठवायला मला खाली जाऊन बाईंकडचं कार्ड उलटं करून बघावं लागलं.