राणीची लोकरीची दाढी

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे. बाकीची सगळी खाती कधीच बायकोकडे गेली होती, हे कळायला माझी कुवेत शहराच्या शर्क भागातली नोकरी जावी लागली.

कुवेतमध्ये बायकोमुलांचा इकामा, म्हणजे राहायचा परवाना, नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला. नोकरी गेली आणि तिघंही लटकलो. बायको इथल्या शाळेत गणित शिकवते. शाळेने तिचा इकामा आपल्याकडे घेतला, लेकीचा आईच्या नावावर झाला. माझा मात्र कुणाच्याच नावावर बसेना. ओळखीची, बिनओळखीची सगळी हपिसं पालथी घातली. शेवटी तिकीट काढलं, एकट्याचं.

त्याच आठवड्यात लेकीला शाळेत इजिप्तच्या, राजा झालेल्या एका जुन्या राणीवर बोलायचं होतं. त्यासाठी तिने काळ्या लोकरीची दाढी बनवली होती, कानाला अडकवायची. शुक्रवारी पोहे खाताना म्हणाली, "बाबा, प्रॉपरली सांगा ना. ती किंग कशी झाली?"

"तिचा नवरा राजा होता. तो मेला," म्हणालो आणि चमचा खाली ठेवला. या गोष्टीत माझं काम पहिल्याच वाक्यात संपत होतं.

"देन?"

"सवतीचा मुलगा गादीवर बसला, पण तो एवढासा. त्याच्या वतीने ही कारभार बघायला लागली. बघता बघता मुकुट हिच्याच डोक्यावर! देवानेच मला नेमलं, म्हणाली. राजाला दाढी हवी, म्हणून आपल्या मूर्तींना दाढी लावून घेतली. थोडक्यात काय, गादी बळकावली."

"बळकावली कसली?" स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "पोर लहान, नवरा गेलेला. कुणीतरी बसायला नको का तिथे? तुम्ही आपले पोहे खा."

ती चहा घेऊन आली तेव्हा डोळे सुजलेले होते. कांद्याने, म्हणाली. पोहे बटाट्याचे होते.

बायकोकडे लायसन्स होतं, पण रिंग रोडवर तुला जमायचं नाही, असं म्हणत मी कधी गाडी दिली नव्हती. विमानतळावर जायला निघताना सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी गेलो. ती आधीच आत बसलेली.

"परत गाडी कोण आणणार?" म्हणाली. "तिकडून बसा."

आमची रिग्गईची वस्ती सोडल्यावर पहिल्याच सिग्नलला तिने स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलेलं दिसलं. लेकीलाही दिसलं असणार. मागून दाढी पुढे आली. "ममा, पुट इट ऑन."

बायकोने दाढी कानांना अडकवली. शेजारचा टँकरवाला बघतच राहिला. आम्ही तिघंही हसलो, बऱ्याच दिवसांनी.

"बाबा, मग राणीचं पुढे काय झालं?"

ती गेल्यावर भिंतींवरचे तिचे चेहरे छिन्नीने खरवडून काढले, हे मला माहीत होतं. "पुष्कळ वर्षं राज्य केलं," म्हणालो.

सिग्नल सुटला. गाडी एकदा गचका देऊन पुढे गेली. लोकरीखाली हनुवटी हलत होती, आणि त्या दाढीचं टोक ओलं झालं होतं. गोष्टीतल्या राजाचं बरं असतं, तो मेलेला असतो. मला शेजारी बसून सगळं दिसत होतं.