मेगरवाले लवाटे

अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यात मी टायपिस्ट होतो, तेव्हाची ही हकिगत. विष्णुपंत लवाटे तिथे इलेक्ट्रिकल सुपरवायझर होते. त्यांच्याकडे एक काम असं होतं, की ज्यात दुसऱ्या कुणाला रस नव्हता. दर वर्षी मे महिन्यात ते सगळ्या इमारतींचं अर्थिंग तपासत. वीज पडली किंवा तार सुटली तर करंट सुखरूप जमिनीत जावा म्हणून जागोजाग लोखंडी पाइप पुरलेले असत, भोवती मीठ आणि कोळसा. विष्णुपंत प्रत्येक पाइपाजवळ मेगर घेऊन बसत. मेगर म्हणजे एक जड पेटी, बाजूला हँडल, वर काचेखाली काटा. हँडल फिरवलं की जमीन विजेला किती अडवते ते काटा दाखवी. आकडा जितका कमी तितकं अर्थिंग चांगलं. ते वहीत लिहीत, मी टाइप करी, मॅनेजरसाहेब न वाचता सही करत आणि कागद फायलीत जाई.

विष्णुपंत तेव्हा पन्नाशीला आले होते. बदलापूरला राहत. आधी तारखात्यात वीस वर्षं काढली होती. झाडूवाल्यालासुद्धा ते अहो-जाहो करत. बोलणं मोजकं. त्यांच्या पत्नी कुमुदिनीबाई सांगत, की मुलगी बघायला आले तेव्हा वडिलांनी पसंती विचारली, त्यावर हे म्हणाले, ‘हरकत नाही.’ एवढं उघडपणे ते पुढे कधीच बोलले नाहीत, असं बाईंचं म्हणणं होतं.

पंचावन्न सालच्या हिवाळ्यात पुण्याहून धारप नावाचे प्राध्यापक आले. कारखान्याच्या उतारावर, माळाखाली एखाद्या जुन्या देवळाचा चौथरा गाडला गेला असावा, असा त्यांचा तर्क होता. सगळा माळ खणणं शक्य नव्हतं. विलायतेत मेगरनं जमिनीखालच्या भिंती शोधतात, असं त्यांनी कुठंसं वाचलं होतं. त्यांनी मॅनेजरसाहेबांना पत्र लिहिलं, आणि साहेबांनी विष्णुपंतांना मेगरसकट दोन आठवडे देऊन टाकलं. काम अडलं नाही. साहेबांना ते नसल्याचं नवव्या दिवशी जाणवलं.

पद्धत सोपी होती. लोखंडाच्या चार सळ्या एका ओळीत, सारख्या अंतरावर ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळ्यांतून करंट सोडायचा, आतल्या दोन्हींवर आकडा वाचायचा. मग सगळं उचलून तीन फूट पुढे. खाली कोरडा दगड असला तर आकडा चढतो, ओल असली तर उतरतो. सळ्या ठोकायला आणि तारा ओढायला उंबरवाडीची ठमाबाई लावली होती. उंबरवाडी ही माळाच्या खालच्या अंगाची ठाकरांची वाडी, वीसेक घरांची. ठमाबाई चाळिशीची, विधवा, हाडानं काटक. विष्णुपंत तिला ‘अहो ठमाबाई’ म्हणत. पहिल्या दिवशी तिनं मागे वळून पाहिलं, की आणखी कुणी ठमाबाई आहे का.

सहाव्या दिवशी आकडा एकदम चौपट झाला. पुढच्या ओळीतही तसंच, त्यापुढच्याही. कागदावर आकडे मांडले तर काटकोन दिसत होता. खणलं, आणि अडीच फुटांवर घडीव दगडाचा कोपरा निघाला. प्राध्यापकांनी विष्णुपंतांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. विष्णुपंत दुसऱ्या हातानं वहीत तारीख घालत होते.

उरलेल्या ओळी दक्षिणेकडच्या. तिथं मात्र आकडा भलताच उतरला. इतरत्र तीस-चाळीस, इथं चार, कुठं तीन. एवढा कमी आकडा त्यांनी फक्त मीठ भरलेल्या अर्थिंगपाशी पाहिला होता. प्राध्यापकांना त्याचं काही वाटलं नाही. तिथं दगड नाही एवढं कळलं, पुरे झालं, म्हणून त्यांनी त्या ओळींवर काट मारली.

विष्णुपंतांनी ठमाबाईला विचारलं, त्या अंगाला काय आहे. ती म्हणाली, काही नाही, आमची विहीर आहे. पाणी कसं आहे, असं त्यांनी विचारलं.

“कडू,” ती म्हणाली. “शेळ्या तोंड नाय लावत. आमी लावतू.”

कधीपासून, ते तिनं सांगितलं. कारखान्याला दुसरं साल लागलं तेव्हापासून. वाडीचे लोक एकदा गेटावर सांगायला गेले होते, तर पाण्यात लोह आहे, प्रकृतीला चांगलं, असं उत्तर मिळालं. तिची धाकटी सून त्या साली ओकाऱ्या होऊन माहेरी गेली ती परत आलीच नाही. एवढं सगळं ती आठ दिवस बरोबर काम करत असून बोलली नव्हती, कारण कुणी विचारलं नव्हतं.

प्राध्यापक पुण्याला गेले. त्यानंतर सहा रविवार विष्णुपंत बदलापूरहून डबा घेऊन माळावर येत राहिले. मेगर त्यांनी रीतसर गेटपास करून बाहेर काढला, कारण ‘तपासणी’. ठमाबाई सळ्या ठोकी. ओल्या चिकणमातीनंही आकडा उतरतो हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्यांनी पहारीनं भोकं पाडून माती काढली, विहिरीचं पाणी बाटलीत भरलं आणि प्रयोगशाळेतून निळ्या कागदाच्या पट्ट्या आणल्या. पट्ट्या लाल झाल्या. पाण्यात आम्ल होतं.

सातव्या सोमवारी त्यांनी मला नकाशा दाखवला. कमी आकड्यांचा एक पट्टा, जिभेसारखा, टोकाला निमुळता. टोक विहिरीत. पट्ट्याचं मूळ कारखान्याच्या मागच्या भिंतीशी, जिथं आम्लाचं वापरलेलं पाणी एका मोठ्या कच्च्या खड्ड्यात सोडलं जाई.

मग त्यांनी जुनी वही उघडली. तो खड्डा खणला त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी मागच्या भिंतीचं अर्थिंग तपासलं होतं. आकडा एका वर्षात नवावरून दोनवर आला होता. समोर त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, ‘अत्युत्तम’.

“का उतरला, ते मी विचारलं नाही,” ते म्हणाले. “तीन वर्षं विचारलं नाही.”

अहवाल मी टाइप केला. चार पानं आणि नकाशा. मॅनेजरसाहेबांनी या वेळी तो वाचला. शेरा मारला, की मागच्या बाजूची जमीन विजेला इतकी अनुकूल आहे हे वाचून समाधान वाटलं, तरी तिथं दोन नवी अर्थिंगं बसवावीत.

मला वाटलं, विष्णुपंत राजीनामा देतील किंवा निदान वर जाऊन भांडतील. ते स्टोअरमध्ये गेले आणि दोन नवे जस्ती पाइप मागितले. आठवड्यात दोन्ही पुरले. ठमाबाईला काय वाटलं असेल कोण जाणे. तिनं खड्डे खणून दिले.

चार महिन्यांनी, मेमध्ये, त्यांनी ते पाइप उपसले आणि धुऊन मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून त्यावर ठेवले. चाळणी झाली होती. एक तर हात लावताच मोडला. बरोबर अर्ध्या पानाचा अहवाल होता: त्या बाजूचे सगळे जुने पाइपही याच स्थितीत असावेत, ॲसिड गोदामाचं विजेपासूनचं संरक्षण पावसाळ्याआधी संपेल, आणि विमा कंपनीचा माणूस जूनमध्ये तपासणीला येतो. विहिरीबद्दल एक शब्द नव्हता.

तीन आठवड्यांत खड्डा आम्लानं न झिजणाऱ्या विटांनी बांधून झाला आणि आम्ल मारण्यासाठी पाण्यात चुनकळी मिसळायला एक माणूस नेमला गेला. पाइप असे होणार हे तुम्हाला आधीच माहीत होतं का, असं मी विचारलं. ते म्हणाले, अंदाज होता.

तरी जमिनीत गेलेलं आम्ल जमिनीतच होतं. विष्णुपंत वाडीवर गेले. मीही गेलो होतो. लोक अंगणात बसले. त्यांनी टोपी काढली आणि सरळ सांगितलं, की पाणी कारखान्यामुळे नासलं, आता आणखी नासणार नाही, पण आहे ते पिऊ नका. आणि हे मला तीन वर्षांपूर्वी कळायला हवं होतं, आकडा माझ्या वहीत होता.

मग ठमाबाई म्हणाली, “मंग चांगलं पानी कुठं हाय, त्ये काढा वहीतून.”

ते काढायला आणखी चार रविवार लागले. वाडीच्या वरच्या अंगाला, पट्ट्यापासून लांब, एका जागी आकडा बेताचा होता. ना दगडाइतका चढा, ना आम्लाइतका उतरलेला. वाडीनं खणलं. एकोणीस फुटांवर पाणी लागलं. पट्टी निळीच राहिली. काठ बांधायला सिमेंट हवं होतं, आणि वाडीच्या विहिरीसाठी सिमेंट द्यायची कारखान्यात सोय नव्हती. अर्थिंगसाठी होती. मी तसा कागद टाइप केला, साहेबांनी जुन्या सवयीनं न वाचता सही केली. कारखान्याच्या नोंदीत उंबरवाडीची विहीर ‘अर्थिंग पिट क्रमांक तेवीस’ अशी आहे. दर मेमध्ये तिची तपासणी होई, आणि तपासणीनंतर विष्णुपंत तिथलं तांब्याभर पाणी पीत.

जुन्या विहिरीपाशीही ते दर वर्षी दिवाळीनंतर आकडा घेत. चार, मग पाच, मग पुन्हा पाच. एकोणसाठ साली सेवानिवृत्त झाले त्या वर्षी सहा भरला. ठमाबाईनं विचारलं, पाणी कधी पिता येईल. त्यांनी वहीत आकडेमोड केली, दोनदा केली.

“असाच चढत राहिला तर तीस वर्षं,” ते म्हणाले. “जास्तही लागतील.”

तिनं विहिरीत वाकून पाहिलं. सासऱ्यानं खणली होती ती, असं म्हणाली. मग म्हणाली, पोरं काठावर खेळतात, बुजवून टाकू.

दोन दिवस वाडी दगड टाकत होती. विष्णुपंतांनीही टाकले, कुणी सांगितलं नसताना. नंतर आठवडाभर त्यांची कंबर धरली आणि कुमुदिनीबाईंनी विटेनं शेकली. पुढच्या पावसाळ्याआधी ठमाबाई त्या जागी माती पसरून वाल लावायच्या विचारात होती. विष्णुपंतांनी निरोप पाठवला, की तिथलं काही खाऊ नका.

तिनं झेंडू लावला.