कोऱ्या कापडाची वाकळ

नसरीनचा फोन आला तेव्हा मी दोडक्याच्या शिरा काढत बसले होते. "काकू, आक्का उठंना झाल्यात," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, सुमनआक्का. लातूरला एकट्या राहत. घराची पुढची खोली त्यांनी नसरीनला बुटीक चालवायला दिली होती. दुपारी जेवून जरा आडवी होते म्हणून त्या आत गेल्या, आणि चहाला हाक मारायला नसरीन गेली तर... आमचे हे व्हरांड्यात पेपर वाचत होते. मी सांगितलं. त्यांनी पेपरची घडी घातली, चष्मा काढला, परत घातला आणि म्हणाले, "गाडी काढतो." नांदेडहून आम्ही लगेच निघालो. अहमदपूरला बसस्टँडसमोर ह्यांनी गाडी उगाचच हळू केली आणि म्हणाले, "इथं उतरायची ती. मला भेटायला."

आता पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊनही बरेच दिवस झाले. येणारे येऊन गेले, सगळ्यांचं आक्कांच्या नोकरीबद्दल बोलून झालं. त्या नर्स होत्या, सरकारी दवाखान्यात. रेणापूर तालुक्यातल्या आमच्या वाडीतून नोकरीला लागलेली पहिली मुलगी. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, पगारातून धाकट्या भावाला इंजिनियर केलं. हे सगळं खरं आहे आणि लोकांनी ते चांगलं सांगितलं. पण मला ज्या आक्का आठवतात त्या निवृत्तीनंतरच्या, जमिनीवर पाय पसरून वाकळ, म्हणजे गोधडी, शिवत बसलेल्या.

सुरुवात नसरीनच्या कात्रणांवरून झाली. बुटीकमध्ये येणारं कापड म्हणजे साधंसुधं नव्हे... अजरख, कलमकारी, चंदेरी, हातमागाचं लिनन. ब्लाऊज, कुर्ते बेतून झाले की हातभर, वीतभर तुकडे उरायचे. ते बाहेर टाकताना पाहून आक्कांचा जीव वरखाली व्हायचा. मग ठरलं, आक्कांनी नसरीनच्या कपड्यांची तुरपाई करून द्यायची आणि तुकडे त्यांनी घ्यायचे. त्यांची पहिली वाकळ मात्र पार फसली. लाल अजरख पांढऱ्या चंदेरीशेजारी जोडलं, आणि पहिल्याच धुण्यात सगळी वाकळ गुलाबी झाली. ज्यांच्या नातीला ती दिली होती त्या बाई म्हणाल्या, "सिस्टर, गुलाबी केली ते बरं केलं, पोरगीच झाली." आक्कांनी हसून घेतलं, पण त्या दिवसापासून प्रत्येक तुकडा मिठाच्या पाण्यात रात्रभर भिजवल्याशिवाय त्यांनी सुईला हात लावला नाही.

विकायच्या नाहीत, फक्त द्यायच्या, हे त्यांचं ठरलेलं. कुणाला नोकरी लागली, कुणी घर बांधलं, कुणाकडे बाळ आलं की आक्कांची वाकळ पोचणार. पण त्याआधी त्या माणसाची चौकशी व्हायची, आणि तीही भलतीच. "कसा झोपतोस रे? कुशीवर का उताणा? डोक्यावरून घेतोस का? पाय बाहेर काढतोस का?" पोरं लाजायची. डोक्यावरून घेणाऱ्याची वाकळ वीतभर लांब व्हायची आणि त्या बाजूचं अस्तर पातळ, गुदमरू नये म्हणून. पाय बाहेर काढणाऱ्याला त्या सांगायच्या, "मग तुला आखूड करते, उगं कापड कशाला वाया घालू." दिल्यावर वर्षभरात त्या एकदा तरी त्या घरी जायच्या आणि थेट पलंगाकडे. वाकळ कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत सापडली की संपलंच! "शोकेसला दिली होती व्हय मी?" असं म्हणून स्वतःच्या हातानं काढून अंथरायच्या.

पण वाकळ म्हणजे जुन्या चिंध्यांची, गरिबाघरची, त्यामुळं आमच्याकडं नाव काढलं की लोकांचा चेहरा जरा उतरतोच. निलंग्याला पुतणीच्या लग्नात आक्कांनी आहेरात वाकळ ठेवली. मुलीच्या सासूबाई हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "आहेरात वाकळ?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आक्का उठल्या, मांडवातच सतरंजीवर ती वाकळ पसरली आणि म्हणाल्या, "हाव, वाकळच हाय. हात तर लावून बघा." बायका गोळा झाल्या. चंदेरीवरून हात फिरले, टाके बघून झाले, ही किनार कशी दुमडली याची चौकशी झाली. वर्षभरात त्याच सासूबाईंचा फोन, मलाबी एक शिवून द्या म्हणून. "नातवाच्या नामकरणाला आणते," आक्का म्हणाल्या, "त्याच्या आधी मिळायची न्हाई." आणि खरंच नाही दिली.

सगळ्या गोतावळ्यात एका माणसानं आक्कांची वाकळ घेतली नव्हती, आणि तो माणूस माझ्या घरात होता. सख्खा भाऊ. आक्कांचा बाळू. निवृत्त झाले तरी बाळूच. आक्का नांदेडला आल्या की पिशवीतून एक वाकळ निघायची आणि हे म्हणायचे, "आक्का, मला न्हाई पाहिजे. ठिगळं अंगावर घेऊन मला झोप येत न्हाई. आपण वाकळ सोडून वर आलो, अन् तू परत घरात आणलालीस." आक्का निमूटपणे घडी घालायच्या. एरवी भावाचा कान धरायला मागंपुढं न बघणारी ही बाई इथं मात्र गप्प बसायची. ती वाकळ मग आमच्या शेजारी नाहीतर माझ्या माहेरी जायची. मला फार वाईट वाटायचं. मी एकदा ह्यांच्यावर चिडलेच, की घ्या अन् ठेवा कपाटात, तुमचं काय जातं? तेव्हा ह्यांनी कारण सांगितलं. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि मला ते माहीत नव्हतं.

हे अहमदपूरला वसतिगृहात राहून शिकले. जाताना आईनं वाकळ दिली होती. माझ्या सासूबाई ज्यांच्या शेतात रोजानं जात त्या घरची उतरलेली कापडं त्यांना मिळत, त्यांचीच ती शिवलेली. त्या घरचा मुलगाही त्याच शाळेत होता. एक दिवस तो ह्यांच्या खोलीवर आला, वाकळीकडे बघितलं आणि बोट ठेवून म्हणाला, "हा तर माझा सदरा हाय." मग दुसरं बोट, "अन् हे आमच्या आईचं लुगडं." पोरं हसली. तो मुलगा काही दुष्ट नव्हता म्हणे, त्याला खरंच मौज वाटली होती. ह्यांनी वाकळ गुंडाळून ट्रंकेमागं टाकली. दिवाळीला घरी आले ते वाकळ घेऊन, आणि परत जाताना ती तिथंच ठेवून गेले, तो हिवाळा चादरीवर काढला. आईला काही सांगितलं नाही. आक्कांना सांगितलं.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आक्का इतक्या हट्टानं कोरं कापड का घेत होत्या? वाकळ खरी मऊ होते ती जुन्या, वापरून झिजलेल्या कापडाची, हे कुणीही सांगेल. कोऱ्या कापडाची वाकळ पहिली दोन वर्षं पापडासारखी वाजते. नसरीननं एकदा तिच्या आजीच्या चांगल्या मऊ साड्या देऊ केल्या तर आक्कांनी हात जोडले. लातूरला मी त्यांना विचारलंच. सुईत दोरा ओवता ओवता त्या म्हणाल्या, "वैशाली, माझ्या वाकळीतला एकबी तुकडा कुणाच्या आंगावरचा न्हाई. कुणी कितीबी बोट ठेवू दे." दोऱ्याला गाठ मारून म्हणाल्या, "बाळूसाठीच तर शिकले मी हे. अन् तोच घीना." एकाच घावातून बहीण-भाऊ दोन दिशांना गेले होते. भावानं वाकळ टाकली. बहिणीनं ती नव्यानं शिवायला घेतली. कोण बरोबर, हे मी आजही सांगू शकत नाही. दोघांच्याही जागी मी नव्हते.

गेल्या थंडीच्या आधी आक्का नांदेडला आल्या. जेवणं झाल्यावर त्यांनी पिशवी उघडली तसे हे उठायला लागले. "बस," आक्का म्हणाल्या. तो आवाज वॉर्डातला होता, हे बसले. आक्कांनी जे पसरलं ते बघून मीही चकित झाले. गर्द निळं हातमागाचं कापड, सलग. नसरीनला कामाला लावून, कुठून कुठून चौकशी करून, मुद्दाम मोठ्या पन्ह्याचं मागवलेलं, कुठं जोड येऊ नये म्हणून. त्यावर निळ्याच दोऱ्याचे बारीक टाके, या काठापासून त्या काठापर्यंत. आक्का भावाला म्हणाल्या, "बघ उलटून. एक ठिगळ सापडलं तर सांग." ह्यांनी खरंच उलटून पाहिलं. इंजिनियर माणूस, चारी कोपरे तपासले. मग म्हणाले, "मग ह्याला वाकळ कसं म्हणायचं?" "नको म्हणू," आक्का म्हणाल्या, "पांघर म्हंजे झालं. डोक्यावरून घेतोस ना अजून? तसं माप धरलंय."

हे ती पांघरायला लागले. छान आहे असं एकदाही तोंडातून निघालं नाही, पण मी धुवायला मागितली की संध्याकाळपर्यंत वाळेल ना, हा प्रश्न ठरलेला. आक्का फोनवर ह्यांना कधी विचारायच्या नाहीत, मला विचारायच्या. "पांघरतो का गं?" मी हाव म्हणायचे. मग त्या दुसऱ्याच विषयावर जायच्या, आणि आवाज मात्र फोन ठेवेपर्यंत खुशीत असायचा.

पुण्यानुमोदनानंतर आम्ही नांदेडला परतलो आणि त्याच आठवड्यात ती वाकळ फाटली. पलंगाच्या कडेला एक बोल्ट वर आलेला होता, त्यात अडकली आणि ह्यांनी ओढली. टर्रकन आवाज झाला. चांगली हातभर गेली. हे तिथंच बसले, फाटलेली जागा दोन्ही हातांनी जुळवून धरली आणि रडले. लातूरला सगळं करताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. मला आठवलं, आक्कांनी त्याच निळ्या कापडाचा उरलेला तुकडा मला देऊन ठेवला होता. तो काढला आणि म्हटलं, "अहो, हा घ्या, त्याच ताग्यातला. कोपऱ्यावरचा टेलर असा बसवून देईल की शोधून सापडणार नाही."

"तसलं नको," हे म्हणाले. उठले, स्वतःच्या कपाटातून आक्कांची एक साडी काढली. घरात नेसायची, पिवळ्या फुलांची, धुवून धुवून विरलेली. लातूरहून कधी उचलून आणली, मला पत्ता नव्हता. माझ्याकडं कात्री मागितली. मी म्हटलं, "निळ्यावर पिवळं? रस्त्यावरून दिसेल."

"दिसू दे."

शिवलंही स्वतःच. दोरा मी ओवून दिला, तेवढीच मदत चालली. टाके असे पडलेत की आक्कांनी सगळे उसवायला लावले असते. एक बोटभर, एक कणभर, एका कोपऱ्यात कापड गोळा झालंय. त्या टाक्यांना हसावं असं मला फार वाटलं, पण जमलं नाही.

परवा नसरीन आली होती. नांदेडला कापड बघायला आली की आमच्याकडं जेवून जाते. आतल्या खोलीत हात धुवायला गेली, ती पलंगाजवळ थांबली. वाकळीवर बोट ठेवून म्हणाली, "काका, ही तर आक्कांची साडी हाय."

मी ह्यांच्या तोंडाकडं बघितलं. हे दारातच उभे होते.

"हाव," हे म्हणाले. "तिचीच हाय."