आसरामायसोबत मायचा फोटो

मी अकोल्याला ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते. दरवर्षी वर्ग घेऊन कौंडण्यपूरला जुनी टेकाडं दाखवायला जाते, तेव्हा मुलं हमखास विचारतात, "मॅडम, अशा ठिकाणी फोटो चांगले कसे काढायचे?" मी सांगते. सकाळी लवकर या, नाहीतर ऊन कलल्यावर या. डोक्यावरच्या उन्हात टेकाड म्हणजे नुसता मातीचा ढीग. तिरप्या उन्हात त्याच मातीतून पडक्या भिंतीची ओळ वर येते. खापराचा फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, पट्टी नसेल तर पेन ठेवा, नाहीतर तो काठ रांजणाचा की पणतीचा हे घरी गेल्यावर तुम्हालाच कळणार नाही. कोरीव दगडावर पाणी ओतू नका. अक्षरांत खडू भरू नका.

हे शेवटचं सांगताना माझा आवाज चढतो. दगड फोटोत काळाभोर यावा म्हणून बाटलीतलं पाणी ओतणारी माणसं मी पाहिली आहेत. सगळी शिकलेली. आणि वर तीच माणसं गावकऱ्यांना ऐकवतात, की तुम्हा लोकांना वारसा कळत नाही.

संग्रहालयात फ्लॅश बंद ठेवायचा, गडद कपडे घालून जायचं, लेन्स काचेच्या जवळ न्यायची आणि भोवती हाताचा आडोसा धरायचा, म्हणजे काचेत ट्यूबलाईट दिसत नाही. मला हे सगळं येतं. तरी माझ्या मायचा एक साधा फोटो काढायला मला भांडावं लागलं, आणि तो राग अजून उतरलेला नाही.

आमचं वावर चांदूर बाजार तालुक्यात, नाल्याच्या काठाला. मी शाळेत होते तेव्हा वखर चालवताना बाबांची जोडी अडली. उकरून पाहिलं तर दगडाची बाई. हातभर उंच, मांडीवर लेकरू, डावा हात कोपरापासून तुटलेला. मायनं तिला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बोरीखाली बसवलं आणि आसरामाय म्हणून तिची पूजा सुरू केली. पेरणीआधीचं नारळ तिला, तुरीची पहिली शेंग तिला. मी बी.ए. झाले तेव्हा पहिला पेढाही तिलाच. आमच्या सगळ्या खानदानात पदवी घेणारी मी पहिली, आणि त्यात आसरामायचा काही हात नाही, अभ्यास माझा आहे, हे मी मायला तेव्हाच बजावलं. ती म्हणाली, "अभ्यास तुहाच हाये व बाई. पेढा तिचा."

पुढे सरकारी माणसं आली. आजूबाजूच्या गावांतून मूर्ती चोरीला जात होत्या, तेव्हा संग्रहालयात नेतो, तिथे सुरक्षित राहील, म्हणाले. मला ते पटलं. मायची समजूतही मीच घातली. ट्रॅक्टरवर पोतं अंथरून आसरामाय गेली. ती कुठल्या संग्रहालयात आहे याचा पत्ता मी नोकरीला लागल्यावर काढला. त्या संग्रहालयाचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर माझ्या तोंडून फार काही निघेल.

बाबा गेले, त्यानंतर एक दिवस माय म्हणाली, "मी मेली की तुमी माहा फोटो भिताडावर लावसानच. एकटीचा नोको लावू. आसरामायसंगचा लाव." तेवढंच तिचं मागणं. म्हणून तिचे गुडघे दुखत असताना एसटीनं घेऊन गेले.

संग्रहालयाच्या दारात तिनं चप्पल काढली. गार्ड म्हणाला, "आजी, चप्पल घाला, हे मंदिर नाही."

"तुमच्यासाठी नसन," माय म्हणाली आणि अनवाणीच आत गेली.

आत आसरामायपुढची काच उघडलेली. समोर स्टँडवर मोठा कॅमेरा, दोन्ही बाजूंना दोन झगझगीत दिवे. शहरातून आलेला एक फोटोग्राफर कुठल्याशा महागड्या पुस्तकासाठी फोटो काढत होता. मी माझी छोटी कॅमेऱ्याची पिशवी उघडली तर गार्ड धावला: कॅमेऱ्याला परवानगी नाही, मोबाईल चालेल. मी त्या स्टँडकडे बोट केलं. "त्यांची परवानगी आहे," गार्ड म्हणाला. ठीक. मोबाईल तर मोबाईल.

मायला यातलं काही दिसतच नव्हतं. ती सरळ मूर्तीपुढे गेली आणि हात जोडले.

"मावशी, फ्रेममध्ये येताय, बाजूला व्हा जरा," फोटोग्राफर म्हणाला. मग थांबला. त्याला काहीतरी सापडलं. "नाही नाही, राहा तिथेच. छान! पदर घ्या ना डोक्यावर. आणि परत एकदा हात जोडा."

"काहून? आताच त जोडले."

"फोटोत सुंदर येईल, आजी."

"मले हात तिले दाखवाचे होते गा भाऊ. तुमाले नाई."

मावशीची आजी झाली होती एका मिनिटात, का तर ती फोटोत घालायजोगी निघाली! माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, "दिवे बंद करा आणि आम्हाला पाच मिनिटं द्या."

"मॅडम, तुम्ही गाईड आहात का?"

"मी हिची पोरगी आहे."

"आम्ही रीतसर परवानगी काढलीय."

"आम्ही रीतसर वावरातून मूर्ती काढलीय. हो बाजूला."

तो झाला. दिवे काही बंद केले नाहीत, नुसते भिंतीकडे वळवले.

मायची नजर मूर्तीखालच्या पाटीवर गेली. "काय लिवलं व?"

मी वाचलं. मातृका. काळा पाषाण. प्राप्तिस्थान: अज्ञात.

"अज्ञात म्हंजे?"

"कुठून आणली ते माहीत नाही."

"कोनाले माहीत नाई?"

"यांना."

मायनं गार्डकडे वळून पाहिलं. "आमच्या घरी चहा पेऊन नेली ना गा तुमी?"

"आजी, मी तेव्हा नव्हतो नोकरीत."

"पाटी लिवणारा त असन ना कोनी!"

गार्ड बिचारा वाईट नव्हता. म्हणाला, साहेबांकडे अर्ज द्या, पण मूर्ती तुमच्याच शेतातली याचा पुरावा जोडावा लागेल.

"पुरावा?" माय म्हणाली. "तिचा हात अजून आमच्या धुऱ्यावर पडून हाये. नेताना कोनी इचारलाच नाई."

हे खरं होतं. तो हात बोरीच्या बुडाशी आहे, माय त्याला रोज पाणी घालते. मी एम.ए.ला मूर्तिशास्त्राचा पेपर दिला, पण हा हात कुणाला दाखवावा हे मलाही सुचलं नव्हतं. कोपऱ्यातून फोटोग्राफरचा आवाज आला, "खरंच? तो हात शूट करता येईल का? येऊ आम्ही गावी?"

"नाई," माय म्हणाली. एवढंच.

मी मोबाईल काढला. आता नवीनच अडचण. माय मूर्तीकडे पाठ करायला तयार होईना. देवाकडे पाठ करून कसं उभं राहायचं? इकडे कॉलेजातली पोरंपोरी मूर्तींना पाठी टेकवून सेल्फी काढत होती. गार्डही म्हणाला, "आजी, सगळे असंच काढतात." शेवटी माय तिरकी उभी राहिली, अर्धी मूर्तीकडे, अर्धी माझ्याकडे. चेहरा दिसत होता, आसरामायच्या मांडीवरचं लेकरू दिसत होतं. फक्त पाटी मायच्या खांद्याआड गेली होती.

"माय, थोडी डावीकडे सरक. पाटी झाकली."

ती हलली नाही.

"सरक ना. पाटी आली पाहिजे फोटोत. पाटीशिवाय फोटो बेवारस असतो, मी पोरांना शिकवते हे."

"अन् पाटी लावून बेवारस केलं तिले, ते?" तिनं पदर सारखा केला आणि खांदा आणखी पाटीपुढे आणला. "मी मेल्यावर माह्या डोक्यापाशी अज्ञात लिवलेलं पायजे काय तुले? नाई सरत. काढ."

मी काढला.