पंपात गेलेला फोन

जनकाबाई, तालुक्याला जाऊन येते म्हटलं होतं, ते काम राहिलं ते राहिलंच. तू आठवण करून देत नाहीस, मीही विषय काढत नाही. पण लोक विचारतात, नेटवरचा फोन आला तरी जनकाबाईकडे तो तारेचा फोन काऊन? तू कोणाला सांगायची नाहीस. दमून येतेस आणि चुलीपुढे बसतेस. म्हणून मीच सांगते.

बोंडअळीनं बीटी कापूस पोखरला त्या साली, वरवट बकालात, जनकाबाईचा नवरा पंजाबराव फवारता फवारता औषध लागून पडला. वाचला, पण नजर अधू झाली आणि दम केव्हा कोंडेल याचा नेम उरला नाही. मोबाइलची गुळगुळीत काच त्याच्या कामाची नाही. तारेच्या फोनची उठावाची बटणं तेवढी बोटांना समजतात. जनकाबाई दिवसभर वावरात, तो घरात एकटा. काही झालं तर तिच्या मोबाइलवर कळवायला तो फोनच.

पुण्याच्या लेकीनं, सुवर्णानं, हट्टानं नेटवरचा फोन बसवून दिला. "आई, यालाही बटणं आहेत. आवाज स्वच्छ, बिल कमी. जुना बंद कर आता."

"लाइट गेली तं?"

लाइट तर रोजच जाते. तारेच्या फोनला घरची लाइट लागत नाही, या नव्याच्या नेटच्या डबीला लागते. जनकाबाईनं तोड काढली. फवारणीचा पंप कोपऱ्यात पडून होता. त्याची बॅटरी गावातल्या वायरमनकडून डबीला जोडून घेतली. उन्हाळाभर लाइट जायची, फोन चालायचा. पेरण्या झाल्यावर तिनं जुना फोन पिशवीत घालून माझ्याकडे आणला.

"बाई, तालुक्याले जासान तं ऑफिसात देऊन या. लाइन बंद करा म्हना."

दीडेक महिन्यानं कपाशीवर फवारणी आली. शेजारचा जब्बार तिच्या वावरात फवारायला म्हणून पंप न्यायला आला. "वहिनी, याची बॅटरी कुठी?" जनकाबाईनं स्वतःच्या हातानं ती डबीवरून सोडवली आणि पंपात बसवून दिली. पंपाची बॅटरी पंपात, वर्षानुवर्षांची सवय. पाण्याची घागर घेऊन तीही मागोमाग वावरात गेली.

दुपारी लाइट गेली आणि पंजाबरावचा दम कोंडला. रिसीव्हर उचलला, बटणं दाबली, आवाज नाही. भिंत धरत तो ओट्यापर्यंत आला आणि लोटा फरशीवर आपटत राहिला. जब्बारची बायको खुर्शीदा धावली, रिक्षात घालून तिनं त्याला दवाखान्यात नेलं. पुन्हा वाचला.

संध्याकाळी जनकाबाई खाटेशी येऊन बसली. लुगड्याला औषधाचा वास.

"फोन मेला होता वो," पंजाबराव म्हणाला.

"मेला नवता. वावरात गेलता, अळी माराले."

तो हसला, मग खोकला. ती हसली नाही.

सुवर्णाचा मोबाइलवर फोन आला. "आई, फोनसाठी वेगळी बॅटरी घे ना."

"घेतली समज. ज्या दिवशी पंपाची उतरन, त्या दिवशी तेबी पंपातच जाईन. मीच नेईन. अळी थांबते काय?"



पंजाबराव घरी आला त्या दिवशी जनकाबाई माझ्या दारात उभी राहिली. जुन्या फोनची पिशवी खुंटीला तशीच होती.

"गेल्या काय बाई तालुक्याले?"

"नाही गं. उद्या जाते."

"काई घाई नाई," म्हणाली, आणि पिशवी काढून घरी घेऊन गेली.