परदेशी क्लबांची बोधचिन्हं

शिरूरला एसटी स्टँडजवळ एक फ्लेक्सचं दुकान आहे. तिथल्या डिझायनर बाईंचं नाव मी विचारलंच नाही. मी गेलो तेव्हा त्या कॉम्प्युटरवर कुठल्याशा परदेशी फुटबॉल क्लबचं बोधचिन्ह नव्यानं करत होत्या. त्यांनी मुकुट पुसला, मान तिरकी करून पाहिलं, मग सिंहही पुसला. नुसता चेंडू उरला.

"फुटबॉल आवडतो वाटतं?" मी विचारलं.

"न्हाई. हात साफ ऱ्हातो. आन् ह्यांचं काय बी काढलं तरी कुणी भांडाया येत न्हाई."

मी वडिलांच्या दशक्रियेचा फ्लेक्स करायला आलो होतो. 'शोकाकुल' म्हणून टाकायला भावकीतल्या सगळ्यांचे फोटो दिले. बाईंनी ते निमूटपणे रांगेत बसवले आणि चष्मा वर सारला.

"समदी बसली. आता तुमच्या वडलांना कुठं बसवू?"

मी स्क्रीनवरच्या रांगेत माझा फोटो शोधला. मग म्हणालो, "आधी माझा काढा." भावाला फोन करून वडिलांनाच जागा उरली नसल्याचं सांगितलं. तो म्हणाला, "सगळेच काढ."

दशक्रियेला नदीकाठी लावलेल्या फ्लेक्सवर वडील एकटेच होते. चुलते माझ्याशी बोलले नाहीत. आई मात्र त्या फ्लेक्ससमोरून हलायला तयार नव्हती.