खालच्या सुराची तार

जगात काहीही बिनसलं, तर कुठेतरी कसली तरी जाडी चुकलेली असते, यापलीकडे आयुष्याचं कोणतंही तत्त्वज्ञान न मानणारा एकच माणूस मी पाहिला. तो म्हणजे माझ्या नणंदेचा धाकटा दीर. नव्वदीच्या सुरुवातीला आम्ही जुईनगरला राहायला गेलो, तेव्हा बरोब्बर आमच्या खालच्या मजल्यावर हा एकटा जीव राहत होता. मी त्याला भाऊजी म्हणायचे, तो मला वहिनी. सोसायटीतले बाकीचे लोक त्याला काय म्हणायचे ते लिहीत नाही, कारण माझी नात हे वाचणार आहे.

तुर्भ्याच्या एका कारखान्यात तयार मालाची मापं तपासायचं त्याचं काम. दुसऱ्यांच्या खिशात पेन असतं, तसा याच्या खिशात जाडी मोजायचा मायक्रोमीटर. त्यानं माझ्या कुरडया मोजल्या होत्या, ह्यांच्या पायजम्याची नाडी मोजली होती, आणि एकदा तर चहा पिता पिता माझं मंगळसूत्र कुठे झिजलंय ते सांगून ते वेळेवर वाचवलंही होतं. आम्ही दोघं त्याला नेरूळला मुलगी बघायला घेऊन गेलो. मुलीनं घरी वळलेल्या शेवयांची खीर आणली. यानं एक शेवई चमच्यानं बशीच्या काठावर घेतली, रुमालानं टिपली, मापली आणि समाधानानं म्हणाला, "एका टोकाला चाळीस, दुसऱ्या टोकाला सव्वीस. हातचीच आहे." त्याच्या लेखी ती स्तुती होती. मुलीकडचे 'उद्या कळवतो' म्हणाले. तो उद्या अजून उजाडायचाय.

हे सगळं वेड होतं एका इलेक्ट्रिक गिटारपायी. लोक गिटार घेतात ती वरच्या सुरात रडवायला. याला ती खाली, आणखी खाली उतरवायची असायची, म्हशीनं घसा साफ करावा इतकी खाली. आता सूर उतरवायचा तर तार ढिली करावी लागते, आणि बारीक तार ढिली केली की ती लोळते, दांडीवरच्या पडद्यांवर आपटून फडफडते. म्हणून जितका सूर खाली, तितकी तार जाड हवी. पण नेमकी किती? या एका प्रश्नावर भाऊजींनी आपलं ऐन तारुण्य खर्च केलं. सगळं जुईनगर टेन्शन फार म्हणून रडायचं, हा एकटा तारेला टेन्शन कमी पडतंय म्हणून हळहळायचा. दुकानात मिळायचा तो दहाचा संच. म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर त्यातल्या दहा भागांएवढी सगळ्यांत बारीक तार, आणि सगळ्यांत जाड सेहेचाळीस. याला हव्या असायच्या बावन्न, छप्पन्न, साठ. त्या बोटीवर नोकरीला असलेला कुणी मित्र परदेशातून आणायचा, आणि हा उरणला जाऊन मोऱ्याच्या धक्क्यावर त्याची वाट बघत बसायचा. तिथल्या कोळणी त्याला बांगडे घ्यायचा आग्रह करत. हा त्यांना जाळ्याच्या दोऱ्याची जाडी विचारी. एवढं करून आणलेली साठची तार गिटारच्या खाचेत बसेना, म्हणून तो माझी नखं घासायची कानस घेऊन गेला. ती परत आली तेव्हा तिला दात उरले नव्हते. पण त्या दिवशी तार बसली, आणि सोसायटीनं पाण्याच्या पंपाला दोनदा मेकॅनिक बोलावला. पंप बंद असतानाही घुरघुरतो, अशी तक्रार होती.

आता जरा त्या काळच्या माझ्याविषयी. मी चव्वेचाळीस वर्षांची होते आणि महामूर्ख होते. यातली पहिली गोष्ट लपवायचे आणि दुसरी आपोआप दिसायची. सोसायटीच्या महिला भजनी मंडळाची मी मुख्य गायिका. माझा सूर काळी पाच. ही पेटीवरची एक पट्टी आहे, हे मी कधीच विसरून गेले होते. मला ती पदवी वाटायची. नवी बाई मंडळात आली की तिला माझं नाव कळायच्या आधी माझी पट्टी कळायची. आणि त्याच वर्षी माझा आवाज वर जाऊन फुटायला लागला. मी आधी पेटीला दोष दिला, मग पंख्याला, मग कैरीच्या लोणच्याला. ज्येष्ठमध चघळून चघळून जीभ पिवळी झाली. वाशीच्या भजनस्पर्धेला पंधरा दिवस उरले असताना तालमीत अभंगाच्या ऐन चढावर माझा आवाज चिरकला, आणि टाळ वाजवणाऱ्या बायका टाळ थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. त्या बघण्यात दया होती. ती मला सोसली नाही.

दुसऱ्या दिवशी घरी कुणी नसताना मी दारं-खिडक्या लावून पांढरी चारवर गाऊन पाहिलं. पाच पट्ट्या खाली. आवाज फुटला नाही, पण काय तो आवाज! पाण्यात बुडवलेल्या पापडासारखा. मी पेटीचा भाता बंद केला आणि ठरवलं, आता गाणं पुरे; मंडळाला सांगायचं की मी यापुढे फक्त टाळ धरीन. पदराला डोळे पुसत होते तेवढ्यात बेल वाजली. दारात भाऊजी, गिटार आणि तिचा चौकोनी स्पीकर घेऊन. म्हणाला, "वहिनी, सगळं ऐकलं. सूर बरोबर आणलाय खाली. जाडी चुकलीय."

चव्वेचाळीस वर्षांच्या बाईला जाडीबद्दल बोलायचं नसतं, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. मी दार लावणार होते. पण तो आत येऊन वायर लावून मोकळा झाला. त्यानं एक बारीक तार ढिली करून छेडली. ती तशीच लोळली, फडफडली, मघाशी मी गायले तशी. मग शेजारची जाड तार त्याच सुराला लावून छेडली, तर आमच्या मांडणीतली भांडी हलली.

"सूर तोच आहे, वहिनी," तो म्हणाला. "तुम्ही काळी पाचची बारीक तार नुसती ढिली करताय. खाली गायचं तर तार बदलावी लागते. लाजताय कशाला? भरून गा."

मग पंधरा दिवस मी रोज सकाळी खालून येणाऱ्या त्या जाड तारेला आवाज लावून गात होते, पोटातून, घरातल्या माणसांना ऐकू जाईल असं. संध्याकाळी कामावरून येताना जिन्यात भेटला की तो नमस्कार-चमत्कार न करता नुसता आकडा सांगायचा. कालचा अठ्ठावीस होता. आज छत्तीस. मंगळवारी घसरला, कांदाभजी खाल्लीत का? मंडळात मी पांढरी चार म्हटल्यावर पेटीवालीनं दोनदा विचारलं. माझ्या तोंडून ते शब्द निघताना मला एखादं नातं तुटल्यासारखं झालं होतं.

स्पर्धेत आम्हाला बक्षीस मिळालं नाही. ते खाडीकाठच्या एका गावच्या बायकांनी नेलं, आणि रास्त नेलं. पण त्यांची म्होरकी मुद्दाम माझ्यापाशी आली, माझा हात धरून म्हणाली, "बाय, तुजे आवाजान बसाला जागा हाय." माझ्या आवाजात बसायला जागा आहे, असं काळी पाचच्या सगळ्या वर्षांत मला कुणी म्हटलं नव्हतं.

पुढे दोनेक वर्षांत तो कारखाना बंद पडला आणि भाऊजी दुसऱ्या गावी नोकरीला गेला. निघायच्या दिवशी टेम्पो खाली उभा असताना तो वर आला. निरोपाचं बोलणं त्याला जमणारं नव्हतंच. म्हणाला, काहीतरी गा. मी ओट्यापाशी उभी राहून एक अभंग म्हटला, अख्खा. तो चौकटीला टेकून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, "साठ." आणि जिना उतरता उतरता वळून म्हणाला, "याच्यापुढची तार माझ्याकडे नाही, वहिनी."

आता माझा सूर त्याहून तीन पट्ट्या खाली गेलाय. मंडळातल्या तरुण बायका माझ्यासाठी पेटीची पट्टी बदलतात आणि कुरकुरत नाहीत. मी भरून गाते. गाऊन झालं, की टाळ खाली ठेवायच्या आधी क्षणभर उगाचच थांबते. कुणीतरी आकडा सांगेल म्हणून.